अकरा वर्षांची

आज सकाळी माझी अकरा वर्षांची लेक रेवा चहा करायला ओट्यापाशी उभी राहिली, तर सासूबाईंनी तिच्या हातातला लायटर काढून घेतला. "लहान आहेस अजून, भाजशील." परवा ती खाली खेळायला निघाली, तेव्हा "मोठी झालीस, मुलांत काय खेळतेस?" असं त्यांनीच सुनावलं होतं. एकाच पोरीनं लहान कधी व्हायचं आणि मोठं कधी, हे तरी ठरवून टाका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी चिडूनच विचारलं, "आई, तुम्ही अकराव्या वर्षी चुलीवर घरभराच्या भाकरी करत होतात ना?"

"हो."

"मग तुम्ही नव्हतात लहान?"

त्यांनी लायटर ओट्यावर ठेवला. "मला तसं कोणी म्हटलंच नाही गं."

लहानपण वयाबरोबर आपोआप येतं, असं मी धरून चालले होते. ते आधी कुणीतरी द्यावं लागतं. कुणी द्यायचं, कधी काढून घ्यायचं, हे पोराला कोणीच विचारत नाही.

चिडचिड तशीच होती, पण ती आता सासूबाईंवर काढवेना. मी त्यांना खुर्चीत बसवलं. "चहा आम्ही करतो. तुम्ही नुसत्या बसा."

नुसतं कसं बसायचं, तेच त्यांना कळेना.