साइडकारचं दार

चाळीस वर्षं दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणत आलेल्या माणसाला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसते, हे दाताच्या डॉक्टरांची गाडी शेडमध्ये उतरवून घेण्याआधीच मला कळायला हवं होतं.

गाडी मात्र देखणी. जुनी जर्मन मोटरसायकल, दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर बाहेर काढून बसलेली, साखळीऐवजी दांड्यानं मागचं चाक फिरवणारी. डॉक्टरांना त्यांच्या मामांकडून मिळालेली. सोबत शेजारी जोडलेली साइडकार, तीही मूळचीच. आयटीतली नोकरी सोडून मी पौडच्या अलीकडे जुन्या मोटरसायकली दुरुस्त करत बसलो होतो. इंजिन तीन महिन्यांत सुरू झालं. खरा वैताग तिथून पुढं.

साइडकार होती उजवीकडे.

“डॉक्टर, ही डावीकडे घ्यावी लागेल.”

“का? जर्मनांना अक्कल नव्हती?”

“त्यांच्याकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या चालवतात हो.”

“मला जशी होती तशीच हवी.”

त्यांच्याकडे जुन्या फोटोंची फाइल होती. दर रविवारी ती घेऊन ते यायचे आणि टाकीवरच्या पांढऱ्या रेघेची जाडी स्वतःच्या दवाखान्यातल्या कसल्याशा बारीक मापानं मोजायचे. मी दोनदा रेघ पुसून पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना दात-ओठ खाल्ले, आणि ती नेमकी त्यांना आवडली.

बाजूचा वाद मात्र मिटेना. शेवटी एका सकाळी मी त्यांनाच साइडकारमध्ये बसवलं आणि मुळशीच्या रस्त्याला लागलो. पुढं गवतानं भरलेला टेम्पो. ओलांडायचा तर मला टेम्पोपलीकडचं काही दिसेना. डॉक्टर मात्र माझ्या उजवीकडे, थेट रस्त्याच्या मध्यावर. त्यांना सगळं दिसत होतं. समोरून येणारी एसटीसुद्धा.

“मागं घ्या! अहो, मागं घ्या!”

शेडवर परतल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले. “डावीकडेच बरी दिसेल,” म्हणाले. जणू हे त्यांनाच सुचलं होतं.

मग पौडच्या लेथवाल्यांना बोलावलं; त्यांना सगळे मामाच म्हणतात. साइडकार धरून ठेवणाऱ्या उजवीकडच्या सगळ्या पकडी डावीकडे नव्यानं करायच्या, साइडकारचं चाकही पलीकडच्या अंगाला न्यायचं. ते झालं, तर गाडी सरळ जाईना. वेग वाढवला की डावीकडे ओढायची, भाताच्या खाचरात शिरायला बघायची. चाकाचा कोन आम्ही आठ दिवस केसभर इकडं, केसभर तिकडं करत होतो.

“लई हट्टी हाय,” मामा म्हणाले. “मालकावानीच.”

अखेर ती सरळ धावली, तेव्हा डॉक्टर त्यांच्या बायकोला, काकूंना, घेऊन आले. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे मागच्या सीटवर बसणं बंद झालेलं, आणि उभा जन्म दोघं स्कूटरवरून हिंडलेले. काकू काठी टेकत साइडकारभोवती एक चक्कर मारून आल्या.

“छान आहे. पण ह्यात चढायचं कसं?”

मी, डॉक्टर आणि मामा, तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. कड जवळजवळ कमरेएवढी. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. काकूंनी त्यावर चढून एक पाय उचलला, अर्ध्यावर नेला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आम्ही धरून खाली घेतलं.

“अहो, इतके महिने तुम्ही रेघा मोजत होतात,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “माझा गुडघा किती वाकतो ते नाही मोजलंत.”

मला डॉक्टरांचा राग आला, आणि लगेच लक्षात आलं, की मीही काकूंना एक फोनसुद्धा केला नव्हता.

“चाकाच्या पुढं दार पाडता येईल,” मी म्हणालो.

“मूळ पत्रा कापायचा?” डॉक्टर ओरडले. “एक ओरखडा नाही त्याला!”

खरं सांगायचं तर माझंही मन धजत नव्हतं. असा पत्रा पुन्हा मिळत नाही. पण मामा मध्ये पडले.

“तुमी दोघं थोडंच बसणार हाय त्यात? ज्या बसणार त्यांना इचारा की.”

“कापा,” काकू म्हणाल्या.

मी त्यांना खुर्चीत बसवून जमेल तेवढा पाय उचलायला सांगितला. जेमतेम वीतभर उचलला गेला. तेवढ्या उंचीवर मी साइडकारच्या पत्र्यावर खडूनं खूण केली. मामांनी ग्राइंडर लावला, तेव्हा डॉक्टर बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पुढचे दोन रविवार ते फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी येऊन गाडी घेऊन गेले, दाराकडे न बघता.

त्या दुपारी ताम्हिणीतल्या एका ढाब्यावरून काकूंचा फोन आला.

“दार खडखडतंय. पायाशी पावसाचं पाणी येतंय. वळणावर ह्यांना गाडी आवरत नाही. पण मी तीनदा उतरले आणि तीनदा चढले. कुणाचा हात न धरता!”

“उद्या आणा, दाराला रबराची पट्टी लावून देतो,” मी म्हणालो.

पट्टीसाठी पुण्याला हेलपाटा घातला. आणली ती दाराला लावली, तर जाडीला जास्त निघाली. दार लागेचना.