दिव्याखाली धरलेले हात

पावणे गावातल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात सफाईच्या बाबतीत हौसेराव म्हणतील ती पूर्व दिशा. साताऱ्याकडचा माणूस, सव्वीस वर्षांची नोकरी. आमचा गुलाबी रंग निळ्या दिव्याखाली केशरी चमकतो. म्हणून जेवणाआधी हात धुवायचे, दिव्याखाली धरायचे, चमकले नाहीत तरच डबा उघडायचा, ही शिस्त त्यांचीच. मी स्टोअर सांभाळतो, पण त्यांच्यासमोर तसाच डबा उघडायची माझीही छाती नव्हती.

मंगळवारी नवी केमिस्ट तेजश्री हा सोहळा बघत उभी होती. हौसेरावांचे हात दिव्याखाली अगदी साफ. तिने स्पिरिटचा बोळा त्यांच्या तळव्यावरून फिरवला आणि तळवा भगभगीत केशरी पेटला. रेषान् रेष, नखांच्या कडासुद्धा! हौसेराव हात झटकतच राहिले.

"काका, पाण्यात या रंगाचे कण एकमेकांना चिकटतात," ती म्हणाली. "गठ्ठा झाला की चमक जाते, रंग नाही जात. स्पिरिटमध्ये ते सुटे होतात, म्हणून आत्ता दिसले. एरवी इतका थोडा रंग डोळ्यांना कळतच नाही."

"म्हंजी सव्वीस वर्सं मी समद्यांना..." हौसेराव डब्यांच्या रांगेकडे बघत म्हणाले.

"पोटात गेला तर काय होतं?" मी विचारलं.

"ते कुणी तपासलेलंच नाही."

मला तिचाच राग आला. खरं सांगणाऱ्याचा येतो तसा.

हौसेरावांनी तो निळा हातदिवा आणि स्पिरिटची बाटली पिशवीत टाकली आणि कुणाला न विचारता ते निघाले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, गोजराबाई, कणीक मळत होत्या. हौसेरावांनी खिडकी लावून घेतली.

"हात धू आन् दाव."

"अवो, धुवूनच बसलीया."

तरी गोजराबाईंनी पुन्हा धुतले. दिव्याखाली काही दिसलं नाही. मग हौसेरावांनी बोळा फिरवला. नवऱ्याचे कामाचे कपडे ही बाई रोज हाताने धुते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत पेटले.

"अगं बया, मेंदीवानी!" गोजराबाई हसल्या.

हौसेरावांनी दिवा कणकेच्या परातीवर धरला. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"तुमी टाका," ते म्हणाले. "माज्यानं न्हाय व्हायचं."