चढावर स्थिर राहिलेला काटा

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन हवेवरच थंड होतं, त्यात पाणी नसतं; म्हणून मी तेलाचं तापमान दाखवणारा काटा बसवून घेतला आहे. काल एका लग्नाला जाताना घाटात तो नव्वदवरून हललाच नाही. मी गाडी बाजूला घेतली.

"नव्वदच तर आहे, थांबलात कशाला?" बायको म्हणाली.

"म्हणूनच. चढावर तो वर जायला हवा."

"धन्य! आता काट्यावरसुद्धा संशय!"

मागच्या बाजूला असलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं, तर धग तोंडावर आली. तेल मोजायची पट्टी हातात धरवेना. आणखी थोडं चढलो असतो, तर इंजिन जाम झालं असतं.

ज्यात कधीच फरक पडत नाही, त्याची मला धास्ती वाटते. इंजिन निवण्याची वाट बघताना मी म्हणालो, "आई फोनवर रोज एकाच सुरात 'बरी आहे' म्हणते."

बायको म्हणाली, "लग्नाला नंतर जाऊ. आधी त्यांना बघून येऊ."