शपथ न घेणाऱ्या बाई

आमच्या शेजारच्या बाईंइतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि एका आयुष्यात असं एकच भेटावं अशी माझी देवाकडे मागणी आहे. आम्ही इथे परदेशात, क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात नवीन राहायला आलो तेव्हा ओळख व्हावी म्हणून बायकोनं त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी बाई कुंपणापाशी आल्या, घासूनपुसून लख्ख केलेला डबा परत केला आणि म्हणाल्या, "पुरण छान होतं. पोळी चामट झाली होती." बायकोनं त्यानंतर दोन दिवस अबोला धरला, बाईंशी नव्हे, माझ्याशी, कारण त्याच पोळ्यांना मी 'मस्त' म्हणालो होतो.

बाई जवळच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. मूळच्या छत्तीसगडातल्या धमतरीच्या. बी.एड. नागपूरला केल्यामुळे मराठी बोलायच्या, पण ती पुण्याच्या माणसाला जरा दचकवणारी. मी बागेत उभा दिसलो की, "काय करून राहिला रे?" असा प्रश्न यायचा. त्या मेनोनाइट होत्या. हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. ख्रिस्ती लोकांतला हा एक लहानसा पंथ. हत्यार हातात घ्यायचं नाही, शपथ घ्यायची नाही, साधं राहायचं, आणि बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, स्वतःच्या मनानं. बाईंचे पणजोबा दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तेव्हापासून घरात हे चालत आलेलं. आमच्या इथल्या पार्ट्यांमध्ये हमखास कोणीतरी विचारायचं, तुम्ही क्वेकर्स हिलमध्ये म्हणूनच घर घेतलंत का? त्यावर बाई शांतपणे सांगायच्या की क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतलाच दुसरा पंथ, ते वेगळे, आम्ही वेगळे, आणि घर घेतलं ते शाळेपर्यंत चालत जाता येतं म्हणून. गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही. अंगावर दागिना नाही, सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. त्या वेषात त्या निघाल्या की शाळेतली आडदांड पोरंसुद्धा "मॉर्निंग, मिस" म्हणत फुटपाथ मोकळा करून द्यायची.

त्यांची शिकवण्याची पद्धतही त्यांच्या धर्मातूनच आली असावी असा मला संशय आहे. माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती. एकदा तिनं एक प्रमेय पाठ करून घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी विचारलं, हे तुला पटलंय का? मुलगी म्हणाली, "It's in the textbook, Miss." बाई म्हणाल्या, मग पटेपर्यंत मानू नकोस. मुलीनं आठवडाभर आमचं डोकं खाल्लं, शेवटी स्वतःच ते सिद्ध केलं आणि मगच मानलं. इतक्या गांभीर्यानं मी माझं लग्नसुद्धा ठरवलं नव्हतं.

रविवारी बाईंच्या बैठकीच्या खोलीत तीन-चार कुटुंबं जमत आणि वाद्याशिवाय चार सुरांत हिंदी भजनं गात. त्यातले खालच्या सुराचे गृहस्थ मेलबर्नला गेले, तेव्हा बाईंनी कुंपणावरून मला हाक मारली. म्हणाल्या, "तुझा आवाज गोड नाही, पण जाडा आहे. ये." मी संकष्टी करणारा माणूस, तरी गेलो, आणि वर्षानुवर्षं जात राहिलो. पुण्याला फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की तिथे खायला काय देतात.

पण बाई खऱ्या अर्थानं मला कळल्या त्या अपघातानंतर. एका दुपारी शाळेतून परत येताना सिग्नलपाशी एका तरुणाच्या गाडीनं त्यांना उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. शस्त्रक्रिया, वॉकर, मग काठी. तो मुलगा प्लंबरकडे शिकाऊ होता आणि आपला सिग्नल हिरवा होता असं छातीठोकपणे सांगत होता. मी संतापानं नुसता धुमसत होतो. केस उभी राहिली तेव्हा बाईंना मीच कोर्टात घेऊन गेलो. त्या शपथ घ्यायला नकार देणार आणि मोठा प्रसंग उभा राहणार, अशी माझी खात्री होती. कारकुनानं बायबल पुढे केलं, बाई म्हणाल्या मी शपथ घेत नाही, तो "नो वरीज" म्हणाला आणि त्यानं दुसरं कार्ड हातात दिलं. त्या कार्डावर खरं बोलण्याचं नुसतं वचन होतं. ते तर त्या रोजच पाळत होत्या.

त्यांनी सांगितलं की चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा होता. मी समाधानानं मान डोलावली. मग कोणी विचारलेलं नसताना त्या पुढे म्हणाल्या, "पण मी गाडी येते का ते पाहिलं नाही. माझ्या मनात बारावीचा पेपर होता." समोरच्या वकिलाचा चेहरा उजळला आणि मी कपाळाला हात लावला. तो मुलगा मात्र बाईंकडे बघतच राहिला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं उभं राहून कबूल केलं की सिग्नल आपला नव्हता, आपण फोन बघत होतो.

त्याचं लायसन्स गेलं, समाजसेवेची शिक्षा झाली. बाहेर पायऱ्यांवर तो आईबरोबर उभा होता. बाई काठी टेकत त्याच्याकडे निघाल्या, मी अडवायला गेलो तर माझाच हात बाजूला केला. त्याला म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय आणि एकटीला भीती वाटते. तुझी गाडीही आता बंद झाली आहे. शनिवारी ये, बरोबर चालू." पहिल्या शनिवारी तो आला नाही. दुसऱ्या शनिवारी बसनं आला. पुढची दोन वर्षं तो येत राहिला, लायसन्स परत मिळाल्यावरसुद्धा. ओढ्याकाठच्या वाटेवर ही जोडी दिसायची: लंगडणाऱ्या बाई, आणि त्यांच्याकडून पाइपच्या उताराचं गणित समजून घेणारा दांडगा मुलगा. प्लंबिंगच्या परीक्षेत तो पास झाला तेव्हा आपण किती शिजवलंय हे न बघता बाईंनी आख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. "आमच्या बाई" असं मी ऑफिसात सांगायला लागलो तो तेव्हापासून, आणि सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची हे खरंच आहे.

यंदा बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहायला निघाल्या. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या घरात खोक्यांवर बसून आम्ही चहा घेत होतो. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं, "बाई, तुम्हाला त्याचा राग नाही का आला?"

"खूप आला," त्या म्हणाल्या. "अजून येतो. थंडीत पाय ठणकतो तेव्हा येऊनच राहिला असतो. मला वाटलं होतं, माफ केलं की झालं. तसं नसतं रे. दर शनिवारी नव्यानं करावं लागत होतं. कधीकधी तर तो दारात उभा असायचा, आणि माझं अजून व्हायचंच असायचं."

"मग?"

"मग काय, शूज घालायची आणि निघायची."

सकाळी तो तरुण आपल्या प्लंबिंगच्या व्हॅनमध्ये सामान घेऊन जायला आला. बाई पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि गाडी इतकी हळू बाहेर काढली की हात हलवून हलवून आमचे खांदे भरून आले. व्हॅन कोपऱ्यावरून वळली तरी आम्ही कोणी घरात जाईना.