मोकळी फुलं

अकोल्यात माझ्या औषधांच्या दुकानासमोर ती फुलं विकायला बसायची. रोज सकाळी आमच्या गणपतीच्या फोटोसाठी झेंडूचा हार द्यायची. पायरी मात्र कधी चढली नाही. खालूनच ओरडायची, "भाऊ, ते मलम द्या! ऊन लागलं का तोंड पेटते."

दोन्ही गालांवर आणि नाकावरून लाल चट्टा पसरलेला असायचा. "उन्हाचं आहे, जाईल," असं म्हणत मी ट्यूब पुढे करायचो. डॉक्टरची चिठ्ठी मी कधी मागितली नाही. चार दिवस चट्टा फिका पडायचा, मग पुन्हा उठायचा.

पुढे हार बंद झाला आणि ती पानात मोकळी फुलं आणू लागली. विचारलं तर म्हणाली, "सकाळी बोटंच वळत नाई, भाऊ. ओवू कशी?"

चट्टा, ऊन, बोटं. ही तिन्ही एकत्र दिसली तर काय समजायचं, ते मी फार्मसीला शिकलो होतो. तरी मी तिला दुखण्यावरची गोळी दिली.

पाय सुजले तेव्हा मुलीनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. ल्युपस निघाला, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, किडनीपर्यंत पोचलेला.

महिन्याभरानं ती आली. दुकानात गिऱ्हाईक होतं. ती पहिल्यांदाच पायरी चढली, फुलं काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर लय रागावले, भाऊ. इतके दिवस मलम कोनं देल्लं म्हने. म्या तुमचं नाव नाई सांगतलं."