बोलता बोलता बंद पडणारा कम्प्युटर

माझ्या मोठ्या भावाचा आवाज खणखणीत होता. अमरावतीत त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, नावाच्या पाट्या असली कामं तो करायचा. दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्याचं बोलणं कानावर यायचं. त्याच गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, आणि ऐन उमेदीतला बोलका माणूस कायमचा मुका झाला. श्वासासाठी गळ्याला एक भोक राहिलं. त्यावर तो पातळ पांढरा रुमाल बांधायचा.

घरातल्या बाकीच्यांनी हळूहळू जुळवून घेतलं. आम्ही त्याचे ओठ वाचायला शिकलो, खुणा ओळखायला शिकलो. मायचं मात्र अवघड होतं. काचबिंदूने तिची नजर त्याच्या ऑपरेशनच्या आधीच गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा तिला कळायचा. दवाखान्यातून तो घरी आला, त्या दिवशी ती बराच वेळ त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बोल ना रे बाबू." तिला आधी सगळं सांगितलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि समोर आलेलं वेगळं.

मार्ग त्यानेच काढला. दुकान बंद केलं आणि तिथला कम्प्युटर घरी आणून मायच्या खाटेशेजारी मांडला. टाइप केलेलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात टाकलं, दोन स्पीकर जोडले. मोबाईलवरही तसं करता येतं, ते आम्ही करून पाहिलं होतं. पण कीमोनंतर त्याची बोटांची टोकं बधिर झाली होती, मोबाईलच्या काचेवर अक्षर लागत नव्हतं. कीबोर्डची बटणं दबली की मनगटापर्यंत कळायचं, शिवाय वीस वर्षांची सवय. तो बोलण्याच्या वेगाने टाइप करायचा.

स्पीकरमधला आवाज एका बाईचा होता, सपाट आणि पुस्तकी. भाऊ आपल्या वऱ्हाडीत लिहायचा, "माय, तुले च्या पाह्यजे काय?" आणि ती बाई ते शाळेतल्या धड्यासारखं वाचायची. पहिल्या दिवशी मायने विचारलं, "हे कोन बाई आनली घरात?" नंतर तिला सवय झाली. त्या बाईच्या आवाजातलं आपल्या पोराचं बोलणं ती बरोबर ओळखू लागली. संध्याकाळी दोघं तासन् तास बोलत बसायचे.

असं वर्षभर चाललं. मग एका मे महिन्यात वहिनीचा मला अकोल्याला फोन आला. "ताई, कम्प्युटर बंद पडून राह्यला. बोलता बोलता आपोआप. आणि माय तिकडे घाबरून राह्यल्या."

मी अकोल्याच्या कॉलेजात शिकवते. सुट्ट्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.

त्याच संध्याकाळी मी तो प्रकार पाहिला. भाऊ टाइप करत होता, स्पीकर बोलत होता. मावशीच्या पातूरच्या घराची काहीतरी गोष्ट चालली होती. मध्येच, शब्दही पुरा न होता, सगळं थांबलं. पडदा काळा. कसली सूचना नाही, काही नाही. माय खाटेवर ताठ झाली. "बाबू? बाबू, हाय ना रे?" भाऊ उठून तिच्याजवळ गेला, तिचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. त्याचा श्वास हाताला जाणवला तेव्हा तिचे खांदे सैल झाले. इतरांसाठी कम्प्युटर बंद पडला होता. तिच्यासाठी पोरगा बोलता बोलता गप्प झाला होता.

स्वयंपाकघरात वहिनीने दार लोटून घेतलं. भाजी चिरता चिरता ती हळू आवाजात म्हणाली, "परत निघालं, ताई. मानेत. पुढच्या आठवड्यात नागपूरले बोलावलं. किती दिवस रहा लागन, मालूम नाई."

"मायला माहीत आहे?"

"नाई. ते म्हनतात, मीच सांगन. मले सांगू देत नाईत, तुमाले बी देनार नाईत. तीनदा सुरू केलं त्यायनं. आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग विषय काढाले जातात, आन तेवढ्यात हे बंद पडते."

मग मला कळलं की मला अकोल्याहून का बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोध सुरू केला. पहिला संशय विजेवर. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी घरोघरी कूलर लागतात आणि दिवे मंद होतात. आमचा कूलरही त्याच बोर्डावर होता. मी कम्प्युटरची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली, यूपीएस बाजूला काढून पाहिला. तरी बंद पडला. भावाने ओठ हलवून सांगितलं, पॉवर सप्लाय असेल. म्हणजे कॅबिनेटच्या आतला तो पत्र्याचा डबा, ज्यातून सगळ्या भागांना वीज जाते. रिक्षात घालून कॅबिनेट बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने डबा बदलला आणि दिवसभर मशीन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. "आता टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला.

आम्ही आनंदाने घरी आलो. माय वाटच पाहत होती. भावाने खुर्ची ओढली, टाइप केलं, "माय, तुह्याशी एक बोलाचं हाय." बाईने ते वाचलं. "बोल ना," माय म्हणाली. त्याने हात कीबोर्डवर ठेवले. मग लिहू लागला, आणि बाईच्या तोंडून जेमतेम "नागपूरच्या डॉक्टरनं" एवढं आलं, आणि पडदा काळा.

भावाने टेबलावर इतक्या जोराने मूठ आपटली की स्पीकर खाली पडला. त्याला रागावताना मी क्वचितच पाहिलं होतं. आवाज असता तर तो ओरडला असता. गळ्याच्या भोकातून नुसती हवेची शीळ आली, आणि ती ऐकून माय तोंड फिरवून बसली.

रात्री मी पडल्या पडल्या विचार करत राहिले. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात दिवसभर चालतं आणि घरी चालत नाही, तर फरक कशात आहे? आणि मला त्या दुकानातला गारवा आठवला. तिथे एसी होता. आमच्या खोलीत भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता. म्हणजे दोष विजेचा नसावा, उष्णतेचा असावा. प्रोसेसर फार तापला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं, एवढं मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही कॅबिनेट फरशीवर आडवं घातलं आणि बाजूचा पत्रा काढला. आत सगळीकडे धूळ होती, आणि कूलरच्या ओल्या हवेने तिचा लगदा होऊन वाळलेला. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पातळ पात्यांचा ठोकळा असतो, हीटसिंक, आणि त्याच्यावर छोटा पंखा. त्या पात्यांच्या फटीच बुजल्या होत्या. भाऊ रंगाच्या ब्रशने फटी साफ करत होता, मी फुंकर मारत होते. त्याला फुंकर मारता येत नव्हती. श्वास तोंडातून येतच नव्हता.

कम्प्युटर बंद असला की माय आणि तो एका स्टीलच्या पेल्यावर बोलायचे. तो चमच्याने पेल्यावर वाजवायचा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. त्यामुळे मायला विचारता यायचं आणि त्याला फक्त उत्तर देता यायचं. ती विचारेल तेवढंच त्याचं बोलणं.

त्या दुपारी ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पंखा फिरत होता. वहिनी पापड उचलायला गच्चीवर गेली होती. माय सहज विचारावं तसं म्हणाली, "बाबू, तुह्या गळ्याचं परत निघालं काय?"

भावाचा ब्रश थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली; मी काही सांगितलं नव्हतं. मायला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

पेला त्याच्या गुडघ्याजवळच होता. त्याने चमचा उचलला आणि एकदा वाजवला.

माय लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नागपूरले जा लागन?"

एकदा.

"मले सांगाचं होतं, म्हनून रोज त्या मशीनपाशी बसत होता?"

एकदा.

"भेव लागते?"

त्याने चमचा उचलला आणि तसाच हवेत धरला. मला उठून जावंसं वाटलं, पण कॅबिनेट माझ्या पायापाशी उघडं पडलं होतं आणि मी हलले असते तर तिला ऐकू गेलं असतं. शेवटी चमचा पेल्याला लागला, अगदी हळू, एकदा.

"मले बी लागते," माय म्हणाली. "ये इकडे."

तो धुळीच्या हातांनीच तिच्या खाटेवर जाऊन बसला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्यावरचा रुमाल सारखा केला. मी ब्रश घेऊन पात्यांच्या फटी साफ करत राहिले. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी करत राहिले.

साफ करूनही काम झालं नाही. मशीन आधीपेक्षा जास्त वेळ चाललं, पण बंद पडलंच. आता घाई कसलीच नव्हती, जे सांगायचं ते सांगून झालं होतं. तरी भाऊ सोडायला तयार नव्हता. सकाळी उठल्याबरोबर तो पुन्हा पत्रा काढून बसला. मशीन सुरू करताना एक बटण दाबलं की प्रोसेसरचं तापमान दाखवणारा पडदा उघडतो. तो उघडून आम्ही आकड्याकडे पाहत बसलो. काहीच काम नसताना आकडा दुधासारखा वर चढत होता. पंखा तर नीट फिरत होता. भावाने हीटसिंकला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. ठोकळा एका कोपऱ्यात किंचित हलत होता.

त्याने तो कोपरा बोटाने दाबून धरला. आकडा चढायचा थांबला. मग उतरू लागला.

ठोकळ्याचे चार प्लास्टिकचे पाय बोर्डात रुतलेले असतात. त्यातला एक मोडला होता. भावाच्या दुकानातून घरी आणताना तडा जाऊन नंतर मोडला असेल, किंवा उष्णतेने आपसूक. ठोकळा त्या बाजूने उचलला गेला होता आणि प्रोसेसरची उष्णता वर जातच नव्हती. भाऊ माझ्याकडे बघून हसला. रिपोर्ट आल्यापासून तो हसला नव्हता, असं वहिनी नंतर म्हणाली. मी आकडा मोठ्याने वाचत होते, तो दाबून धरून होता, आणि आकडा उतरतच होता. मायनेही खाटेवरून विचारलं, "उतरला काय व?"

मग माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. दाबल्यामुळे आतली सगळी आग ठोकळ्यात आली होती, आणि त्याला काहीच कळत नव्हतं. मी त्याचा हात ओढून काढला. बोटाचं टोक लालबुंद झालं होतं. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं. वहिनीने पाण्यात बुडवायला लावलं. संध्याकाळी फोड आला.

नवे पाय आणि ठोकळा व प्रोसेसर यांच्या मध्ये लावायच्या पांढऱ्या पेस्टची छोटी नळी बाजारातून आणली. जुनी, खडखडीत वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, चारही पाय दाबून बसवले. त्यानंतर तो कम्प्युटर बंद पडला नाही. नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं बोलत बसले होते, मी बाहेर ओट्यावर होते. आजाराबद्दल एक शब्द निघाला नाही. त्याने विचारलं, कूलरमध्ये पाणी कोण भरणार. तिने सांगितलं, ताई हाय ना. मग दोघांचं तुरीच्या डाळीवरून काहीतरी वाजलं, आणि त्या सपाट आवाजाच्या बाईने माझ्या भावाचा राग कसलाही राग न दाखवता वाचून दाखवला.

नागपूरला त्याला रेडिएशनचे शेक दिले. त्यानंतर तो आणखी दोन हिवाळे होता. चांगले दिवसही होते त्यात. शेवटच्या महिन्यात त्याला खुर्चीत बसणं जमेनासं झालं, तेव्हा मी रजा घेऊन तिथेच होते; कीबोर्ड त्याच्या अंथरुणात मांडीवर ठेवून द्यायचे. तो दोनचार शब्द टाइप करून थकायचा, डोळे मिटायचा, पुन्हा शब्द शोधायचा. एका दुपारी मायने हात पुढे करून चाचपत कीबोर्ड शोधला, त्याच्या मांडीवरून उचलला आणि माझ्याकडे दिला.

"रहाऊ दे आता," ती त्याला म्हणाली. "म्याच बोलतो. तू आयक."

आणि ती बोलू लागली. त्याच्या जन्माच्या आधीपासून तिने सुरुवात केली. लग्न होऊन ती या घरात आली तिथपासून. तो डोळे मिटून ऐकत होता. रोज थोडं थोडं सांगत ती त्याच्या दुकानाच्या पहिल्या दिवसापर्यंत आली होती. त्याच्या पुढचं सांगायचं राहून गेलं.

आता माय माझ्याकडे अकोल्याला असते. पुढचं ती मला सांगते.