गाडीतला अखंड दिवा

रविवारी सकाळी गाडीवरचं कव्हर ओढून काढलं. काचेतून आत पाहते तर डॅशबोर्डवरच्या दत्तगुरूंपुढचा दिवा विझलेला. आमच्या यांनी आत बसून किल्ली फिरवली, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. यांचं सगळं लक्ष गाडीकडे आणि माझं दिव्याकडे. बॅटरी उतरली वाटतं, असं हे अगदी सहज म्हणाले, आणि मी तिथेच पार्किंगमधल्या खांबाला टेकून उभी राहिले.

या दिव्याचं आधी सांगायला हवं. आमची एकुलती एक लेक मृणाल ठाण्याला कोलशेतला राहते. तिला दोन वेळा दिवस गेले, पण दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच गर्भ पडला. ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. तिसऱ्यांदा तिच्याकडून बातमी आली तेव्हा आनंदाआधी मला भीतीच वाटली. मी दत्तगुरूंना म्हटलं, बाळ हातात येईपर्यंत तुमच्यापुढचा दिवा विझू देणार नाही. घरात रात्रंदिवस तेलाचा दिवा ठेवायला हे तयार नव्हते, पडद्याला लागला तर काय घ्या, म्हणाले. मृणालला प्रत्येक तपासणीला आम्ही याच गाडीतून न्यायचो, म्हणून मीच गाडीतल्या दत्तगुरूंपुढे विजेचा चिमुकला दिवा लावायचं ठरवलं. वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात तो बसवून घेतला. दुकानदार म्हणाला, किल्लीबरोबर चालू-बंद होईल असा देतो. मी म्हटलं, छे छे, अखंड म्हणजे अखंड. शेवटी त्याने थेट बॅटरीवरून वायर ओढून दिली आणि मी धन्य झाले.

नववा महिना लागेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि आमची गाडी तीन आठवडे कव्हर पांघरून उभी राहिली. मी रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्या कव्हरला हात जोडायचे. आत दिवा तेवतोय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आता मात्र बंदी उठली होती, दिवस चांगला होता आणि मृणालला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. जावई परगावी कामावर, तेव्हा ती आमची वाटच पाहत असणार. मी तिला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नुसतीच रिंग. मग काय विचारता, माझ्या मनाने कुठल्या कुठे धाव घेतली. हे म्हणाले, अगं टॅक्सी बोलावतो, चल. पण मी हटूनच बसले. दिवा पुन्हा लागल्याशिवाय मी लेकीला आणायला जाणार नाही, तिला अशी अपशकुनाने घरी आणणार नाही, असं मी यांना बजावलं. बायकोच्या हट्टापुढे आणि मेलेल्या बॅटरीपुढे यांचं काही चालेना. बिचारे बॉनेट उघडून नुसतेच आत बघत राहिले.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एक गाडी येऊन थांबली. तिसऱ्या मजल्यावरच्या सायलीला बघायला कल्याणहून पाहुणे आले होते. खरं तर ते आदल्याच रविवारी यायचे, पण सायलीला ताप आल्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलला होता. आईवडील लिफ्टकडे गेले आणि नवरामुलगा, त्याचं नाव निखिल, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आमच्या बॉनेटपाशी येऊन उभा राहिला. यांनी दोन शब्दांत अडचण सांगितली. त्याने लगेच आपल्या डिकीतून जंपर केबल काढल्या. मागे हौसेने बसवलेल्या स्पीकरपायी त्याचीही बॅटरी अशीच बसली होती, तेव्हापासून केबल बरोबरच ठेवतो, म्हणाला. त्याने आपली गाडी चालू ठेवून केबल जोडल्या, यांनी किल्ली फिरवली. नुसतं टक टक टक. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तेही नाही. मी डोळे मिटून जप चालू केला, पण खरं सांगते, जपात मन नव्हतं, कान फोनकडे होते.

निखिलने वाकून पाहिलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट पांढरी भुकटी साचली होती. असा चिमटा लावून करंट जाणारच नाही, आधी गरम पाणी आणि खायचा सोडा घालून साफ करू, असं तो म्हणाला. यांनी मान वर करून सायलीच्या घराकडे हाक मारली. पाहुणा वर का येत नाही म्हणून तिची आई मघापासून गॅलरीत ताटकळत होतीच. पाच मिनिटांत एका हातात गरम पाण्याचं पातेलं आणि दुसऱ्या हातात सोड्याचा डबा घेऊन स्वतः सायलीच खाली आली. केस ओले, अंगात घरातला जुना कुर्ता, साडी नेसायची अजून बाकी. वर पोहे निवत होते आणि इथे ही दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून जुन्या टूथब्रशने बॅटरी घासत होती. तू पाणी सोड, मी घासतो. अहो शर्ट सांभाळा. तेवढ्या काळजीतही मला हसू आलं.

भुकटी निघाली तशी खालून एक बारीक लाल वायर दिसली. ही कसली, असं निखिलने विचारलं. मी सगळं सांगितलं, नवस, मुलगी, अखंड दिवा, काही लपवलं नाही. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, काकू, गाडी उभी असताना हाच दिवा बॅटरी पीत होता. मी घाबरत घाबरत विचारलं, विझला कधी असेल? बॅटरी जुनी आहे, फार तर आठवडाभर तेवला असेल, म्हणाला. म्हणजे निदान दोन आठवडे तरी तिथे अंधार होता.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मृणालचं बाळ पायाळू होतं, डोकं वर आणि पाय खाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितली होती. याच आठवड्यात, गुरुवारी, तिची सोनोग्राफी झाली आणि बाळ आपलं आपण फिरून डोकं खाली करून बसलं होतं. दिवा पावला म्हणून मी मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले होते! तेव्हा दिवा तर केव्हाच विझलेला. कव्हराखाली मिट्ट काळोख होता आणि त्या काळोखात दत्तगुरूंनी आपलं काम केलं होतं.

तेवढ्यात मृणालचा फोन आला. ती न्हायला गेली होती, इतकंच. माझा आवाज ऐकून ती घाबरली, तेव्हा मी रडत रडत दिवा विझल्याचं सांगितलं. ती मोठ्याने हसली.

“आई, त्याला माझं बाळ दिसायला तुझा दिवा लागतो का गं?”

इतकी वर्षं पोथी वाचणारी मी, आणि हे मला पोरीने सांगावं. निखिल लाल वायर हातात धरून थांबला होता. मधे बटण घालून पुन्हा जोडून देऊ का, विचारत होता.

“नको बाळा,” मी म्हटलं, “ती मीच काढते.”

मी पुढे होऊन वायर ओढली. नवस मोडल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काहीच झालं नाही. फक्त खूप मोकळं वाटलं. निखिलने केबल पुन्हा जोडल्या आणि या वेळी घाई न करता आपली गाडी चांगली पंधरावीस मिनिटं तशीच चालू ठेवली. तोवर सायलीचं आणि त्याचं बोलणं बॅटरीवरून कुठल्या कुठे गेलं होतं. मग यांनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी झोकात सुरू झाली की सायलीने टाळ्याच वाजवल्या. निखिलच्या पांढऱ्या शर्टाची मात्र वाट लागली होती. तसाच तो वर पोहे खायला गेला.

आदल्या रविवारी सायलीला ताप आला नसता तर हा मुलगा आमच्या शेजारी आला नसता. याला कुणी योगायोग म्हणावं, कुणी कृपा म्हणावं, मी वाद घालणार नाही. मी आपली हात जोडते. मृणालला यथावकाश मुलगी झाली, अगदी सुखरूप, आणि सायली-निखिलच्या साखरपुड्यात ती माझ्या मांडीवर होती. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या परतीच्या वाटेचं.

मी गाडीत कधी झोपत नाही. हे गाडी चालवतात आणि मी शेजारी बसून ब्रेक दाबते, असं मृणाल चिडवते. खड्डा आला की मी श्वास रोखणार, ट्रक जवळ आला की “अहो, अहो” करणार. त्या दिवशी मी मागे मृणालपाशी बसले. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत ते पोर पाय झाडत होतं. समोर दत्तगुरू होते आणि त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. माजिवड्याचा पूल ओलांडला तेवढं आठवतंय. पुढचा बायपास, शिळफाट्याची गर्दी, रस्त्यातले खड्डे, काही म्हणजे काही आठवत नाही. मृणालने हलवून जागं केलं तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती आणि माझा हात अजून तिच्या पोटावर होता.